भर पावसात महाबळेश्वर, तेही सायकलवर: ग्रुपने जाणाऱ्यांसाठी तयारीपासून हिशोबापर्यंत

जून लागला की सायकलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घाटाचे बेत शिजायला लागतात. पंचवीस जण ‘मी येणार’ म्हणतात, निघायच्या दिवशी आठ-नऊ उरतात. उरतात ते पुरेसे असतात, कारण पावसातल्या घाटात दहाच्या वर माणसं सांभाळणं कठीण जातं. हा लेख त्या उरलेल्या आठ-नऊ जणांसाठी आहे. उदाहरणाला मी वाई–पाचगणी–महाबळेश्वर–पोलादपूर हा रस्ता घेतलाय. सोय आणि धोका दोन्ही इथे भरपूर आहेत. इथलं गणित जमलं की माळशेज, ताम्हिणी किंवा आंबोलीचंही जमतं.

पावसातल्या ग्रुप राईडचे सगळे मोठे निर्णय कोरड्यात, घरी बसून घ्यायचे असतात. कुठून मागे फिरायचं, कुणी गाडीत बसायचं, किती वाजता थांबायचं, हे सगळं त्यात आलं. भिजलेला, दमलेला आणि ‘इतक्या लांब आलोय तर’ म्हणणारा ग्रुप घाटात कधीच शहाणपणाचा निर्णय घेत नाही. खाली जे जे सांगतोय ते याच धोरणाने वाचा.

रस्ता आधी समजून घ्या

वाई साधारण सातशे मीटर उंचीवर, पाचगणी १,२९३ मीटरवर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. वाई ते पाचगणी चढतो तो पसरणी घाट, बारा-एक किलोमीटरचा. चढ सलग आहे, पण जीवघेणा नाही. पाचगणीपासून महाबळेश्वर अठरा-एकोणीस किलोमीटर. हा टप्पा कागदावर सोपा दिसतो, पण रस्ता डोंगराच्या माथ्यावरून पश्चिमेकडे जातो आणि पावसाळी वारा बरोबर समोरून येतो. पसरणीत जेवढा दम लागला नाही तेवढा इथे लागतो. पुढे महाबळेश्वर ते पोलादपूर सुमारे चाळीस किलोमीटर, आंबेनळी घाटातून सरळ कोकणात. हजार मीटरच्या वर उतार आहे.

पावसाचं गणित उंचीपेक्षा महत्त्वाचं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पाचगणीत त्याच्या निम्म्याहून कमी आणि वाईत हजाराच्या आत. म्हणजे तीसेक किलोमीटरच्या सायकलिंगमध्ये तुम्ही पूर्वेकडच्या कोरड्या रस्त्यावरून देशातल्या अतिपावसाच्या टोकाला पोचता. वाईत भुरभुर आहे म्हणून वर काय चाललंय त्याचा अंदाज बांधू नका. याच गोष्टीचा फायदाही होतो. काही बिनसलं की पूर्वेकडे उतरायचं. दर दहा किलोमीटरला पाऊस कमी होत जातो. म्हणून परतीचा पर्यायी रस्ता कायम पसरणीचा धरा, आंबेनळीचा कधीच नको.

आंबेनळीबद्दल स्पष्टच बोलतो. २०२१च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच पावसात या घाटाचा रस्ता जागोजागी खचला, वाहून गेला आणि वाहतूक बरेच दिवस बंद राहिली. खाली महाड तालुक्यात तळिये गावावर दरड आली तीही त्याच दिवसांत. हा घाट उतरायला अप्रतिम आहे, पण तो बेतात ‘जमलं तर’ म्हणूनच असायला हवा. हॉटेलचं आगाऊ बुकिंग पोलादपूर-महाडकडे करून ठेवलंत की आंबेनळी उतरायची सक्ती तुम्ही स्वतःच स्वतःवर लादता.

तारीख ठरवणं

पहिल्यांदाच जाणाऱ्या ग्रुपने सप्टेंबर धरावा. पाऊस असतो, हिरवळ असते, धबधबे असतात, फक्त धो धो कोसळण्याचे दिवस कमी होतात. विजांचं प्रमाण मात्र जूनच्या सुरुवातीला आणि सप्टेंबरच्या शेवटापासून जास्त असतं. त्या काळात दुपारी दोननंतर पठारावर नसलेलं बरं. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेने काढलेलं ‘दामिनी’ ॲप प्रत्येकाच्या फोनवर असू द्या. आसपास वीज पडत असल्याचा इशारा त्यावर मिळतो. जुलै-ऑगस्ट हा मुरलेल्या लोकांचा मोसम आहे.

शनिवार-रविवार टाळाच. पावसाळी शनिवारी या रस्त्यावर गाड्यांची रांग असते आणि त्यातल्या काही चालकांचं लक्ष धबधब्याकडे असतं, काहींचं बाटलीकडे. मंगळवार ते गुरुवार निघा. रजा मिळत नसेल तर बेत पुढे ढकला.

हवामान खात्याच्या इशाऱ्यांचे रंग (यलो, ऑरेंज, रेड) आणि पावसाची प्रतवारी सगळ्यांनी एकदा समजून घ्यावी. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अतिजोरदार’ आणि २०४.४ च्या वर ‘अत्यंत जोरदार’ अशी पावसाची प्रतवारी असते. इशारे बघताना नुसता ‘सातारा जिल्हा’ बघून चालत नाही. घाटमाथ्याचा अंदाज वेगळा दिलेला असतो, तो बघायचा. आमच्याकडचा नियम लिखित आहे आणि ग्रुपवर पिन केलेला असतो: घाटमाथ्याला यलो असेल तर बेत चालू, ऑरेंज असेल तर वाई-पाचगणीपर्यंतच, रेड असेल तर सायकली घरातून बाहेर निघत नाहीत. या नियमावर मतदान घ्यायचं नाही. मतदान घेतलं की रेडचा ऑरेंज होतो.

जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेशही बघा. अतिवृष्टीत धबधबे, पॉइंट, कधी कधी अख्खा घाट पर्यटकांना बंद केला जातो.

माणसं आणि त्यांची कामं

चार कामं वाटून द्या. पुढे एक लीड. हा सगळ्यात जोरात चालवणारा नको, सगळ्यात शांत चालवणारा हवा. शेवटी एक स्वीप, जो कायम सगळ्यांच्या मागे राहतो आणि ज्याच्याकडे हत्यारं आणि प्रथमोपचार असतात. तिसरा माणूस गाडीवाल्याशी आणि हॉटेलशी बोलतो. चौथा वेळ बघतो. हे चौथं काम सगळे विसरतात. जुलैत सूर्य सातनंतर मावळतो, पण धुक्यात आणि ढगात संध्याकाळी सहालाच दिवे लावावे लागतात. दुपारी चारनंतर सायकल रस्त्यावर नको, हे सांगणारा आणि त्यासाठी शिव्या खाणारा एक माणूस लागतो.

आठ जण असतील तर चार-चारच्या दोन तुकड्या करा, मध्ये दोन-तीनशे मीटर अंतर ठेवा, म्हणजे एसटीला आणि टेम्पोला मधे शिरून पुढे जाता येतं. आठजणांची सलग रांग ओलांडताना गाडीवाला वळणावर उलट्या बाजूला जातो आणि मग समोरून येणाऱ्याची पंचाईत होते.

मागे गाडी हवीच. छोटा हत्ती किंवा पिकअप, वर ताडपत्री, आत जुनी गोधडी (सायकलींच्या मध्ये घालायला) आणि सुती दोर. चालक घाटाचा सराव असलेला, वाई-पाचगणीकडचाच मिळाला तर उत्तम. पुण्याहून वाईपर्यंत सायकली त्याच गाडीतून न्या. महामार्गावर, ट्रकच्या चाकांचं चिखलपाणी तोंडावर घेत नव्वद किलोमीटर चालवण्यात कसलंही शौर्य नाही, आणि घाटाआधीच पाय संपतात.

सायकल

टायर २८ ते ४० मिलिमीटर रुंदीचे. हवा नेहमीपेक्षा पाच-दहा पीएसआय कमी. पावसात पंक्चर जास्त होतात, कारण ओल्या रबरात काच आणि खडी सहज शिरते. पॅच ओल्यात चिकटत नाही, म्हणून प्रत्येकाकडे स्वतःच्या मापाच्या दोन ट्यूब. ‘तुझी देशील ना’ हे चालणार नाही, कारण व्हॉल्व्हची लांबी आणि चाकाचं माप जुळेलच असं नाही.

ब्रेकवर जरा थांबतो, कारण घाट उतरताना सगळा खेळ तिथे आहे. रिम ब्रेकच्या सायकलला पावसात ब्रेक दाबला की पहिला फेरा-दीड फेरा नुसतं पाणी पुसण्यात जातो, मग पकड येते. कोरड्यात जिथे थांबता त्याच्या दुप्पट अंतर धरून चाला. त्यावर उपाय असा की वळणाच्या बऱ्याच आधीपासून ब्रेक हलकेच टेकवून ठेवायचे, रिम पुसली जाऊ द्यायची, मग हवा तेवढा दाब द्यायचा. रिमवरून करकर आवाज येत असेल तर थांबा. पॅडमध्ये रेतीचे कण रुतलेले असतात आणि ते रिम कुरतडत असतात. टाचणीने किंवा चाकूच्या टोकाने काढून टाका. डिस्क ब्रेकवाल्यांची पकड चांगली राहते, पण लाल चिखलात पॅड भराभर झिजतात. नवे वाटणारे पॅड एका लांब उतारात संपू शकतात. पॅडचा सुटा जोड सोबत ठेवा आणि तो बदलायची घरी एकदा रंगीत तालीम करा. घाटात, ओल्या हातांनी, पहिल्यांदाच हे करणं अशक्यप्राय असतं.

मडगार्ड स्वतःसाठी नसतात, मागच्यासाठी असतात. मडगार्ड नसलेल्याने तुकडीत शेवटी राहावं.

दिव्यांचं साधं तत्त्व: पुढचा पांढरा, स्थिर. मागचा लाल, दाट धुक्यात स्थिरच ठेवा. लुकलुकणारा दिवा लांबून लक्ष वेधतो, पण तो नेमका किती अंतरावर आहे हे मागच्या सायकलवाल्याला कळत नाही. तुकडीतल्या शेवटच्या माणसाचा तेवढा लुकलुकता राहू द्या.

अंगावर आणि बॅगेत

पोंचो घालून सायकल चालवू नका. वाऱ्यात त्याचं शीड होतं आणि टोक चाकात जातं. अंगाला बसणारं, मागून लांब असलेलं जॅकेट घ्या. चढावर तुम्ही आतून घामाने भिजणारच, ते मान्य करा. जॅकेटचं खरं काम उताराला, वारा अडवण्याचं आहे. आत सुती बनियन नको. भिजलेला सुती कपडा अंगातली ऊब काढून घेतो. सिंथेटिक किंवा पातळ लोकरीचा चालतो. हेल्मेटखाली छज्जा असलेली टोपी घातली की डोळ्यांत पाणी कमी जातं. चष्मा साध्या काचेचा. हातमोज्यांवर भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवा. दिसतात विचित्र, पण उताराला त्यांच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

रात्रीचा एक कोरडा जोड दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवायचा आणि मुक्कामाला पोचेपर्यंत उघडायचा नाही. दुसरा कोरडा टीशर्ट आणि एक वारा अडवणारं जाकीट गाडीत, हाताशी. दोन्ही वेगळे. दुपारी रात्रीचा जोड वापरला की रात्री काय, हा प्रश्न उरतो.

फोन पिशवीत, पण पावसात स्क्रीन बोटाचं ऐकत नाही. त्यामुळे गाडीवाला, हॉटेल आणि घरचा एक नंबर कागदावर लिहून, लॅमिनेट करून प्रत्येकाच्या खिशात. ११२ आणि १०८ पाठ असतातच. फोनचं चार्जिंगचं भोक ओलं असेल तर रात्री लगेच चार्जरला लावू नका.

पहिला दिवस: चढ

वाईतून सकाळी सातपर्यंत निघा. पसरणी घाटात एकत्र जमायच्या जागा आधीच ठरवा. बुवासाहेब मंदिर ही एक, पाचगणीत घाट संपतो तिथला नेहमीचा चहावाला ही दुसरी. दरडीखालच्या कड्याला टेकून, धबधब्याच्या पायाशी किंवा वळणावर कधीही जमू नका. फोटो काढायचा तर दरीच्या बाजूला, कठड्याच्या आत, सायकल रस्त्याबाहेर घेऊन.

चढावर वेगळं शिकवण्यासारखं काही नाही. हलका गिअर, आणि पाणी प्या. पावसात तहान लागत नाही म्हणून लोक पीत नाहीत आणि पाचगणीत पोचेपर्यंत डोकं धरतं. दर पाऊण तासाला काहीतरी तोंडात टाका: राजगिऱ्याचा लाडू, गूळ-शेंगदाणे, खजूर. चिक्की पावसात चिवट होते आणि कागदासकट खावी लागते, ती खिशात नको.

पाचगणीला पहिला खरा मोह येतो: गरम भजी, भाजलेलं कणीस, चहा. खा, पण दहा मिनिटांत उठा किंवा ओला कपडा बदलून निवांत बसा. ओल्या अंगाने अर्धा तास गप्पा मारल्या की त्यानंतरचा तास हुडहुडीत जातो. इथेच दिवसाचा मोठा निर्णय होतो. पुढच्या पठारावर वारा किती आहे ते बघा. झड इतकी आडवी असेल की उभ्या माणसाला तोल सांभाळावा लागतोय, तर सायकली गाडीत टाका आणि पाचगणीतच राहा. महाबळेश्वरच्या अलीकडे वेण्णा लेकचं पाणी मोठ्या पावसात रस्त्यावर येतं. रस्ता दिसत नसेल अशा वाहत्या पाण्यात सायकल घालू नका. नडगीपर्यंतचं वाहतं पाणीही माणसाला खाली पाडतं आणि त्याखाली रस्ता उरलाय की नाही हे कुणालाच माहीत नसतं.

मधला दिवस मोकळा ठेवा

बेतात एक दिवस कशासाठीही न ठेवता मोकळा सोडा. हवामान बिघडलं तर तो खर्ची पडतो, चांगलं असलं तर क्षेत्र महाबळेश्वरला जाऊन या किंवा कोयनेच्या पाणलोटाकडे तापोळ्याच्या रस्त्यावर थोडं फिरा (उतरलं तेवढं चढायचंय हे लक्षात ठेवून). पाऊस हटतच नसेल तर गाडी काढून भिलारला जा. २०१७ पासून ते ‘पुस्तकांचं गाव’ आहे, घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत. बाहेर कोसळत असताना कुणाच्या तरी पडवीत वाचत बसायला मिळतं. सायकलवाले सहसा तिथे थांबत नाहीत, पुढे पळतात.

आंबेनळी उतरायचा की नाही

सकाळी महाबळेश्वरच्या एसटी स्टँडवर जा आणि चौकशी खिडकीत विचारा, ‘‘साहेब, पोलादपूरकडची गाडी आज वर आली का?’’ आली असेल तर चालकाला गाठा. ‘‘दादा, रस्ता कसाय?’’ एवढं विचारलं की माती कुठल्या वळणावर आहे, दगड कुठे पडलेत, धुकं कुठवर आहे, सगळं मिळतं. नकाशाच्या ॲपवर रस्ता हिरवा दिसणं म्हणजे काही नाही. गाडी आलीच नसेल, किंवा रात्रभर न थांबता पाऊस झाला असेल, तर आंबेनळी रद्द. पसरणीने वाईत उतरा, मेणवलीचा नदीकाठचा घाट बघा, घरी जा.

उतरणार असाल तर क्रम असा ठेवा. प्रत्येकात निदान तीस मीटर अंतर. ओव्हरटेक बंद, कितीही चांगला चालवत असलात तरी. वळणाआधी सरळ रस्त्यावर वेग कमी करायचा, वळणात ब्रेक धरायचा नाही. रंगवलेले पांढरे पट्टे, शेवाळ धरलेली कडा, डिझेलचा इंद्रधनुषी तवंग आणि वळणावर वाहून आलेला जांभ्याचा लाल गाळ, या चारही जागी सायकल सरळ धरून जायचं. झुकायचं नाही.

नजर वरही ठेवा. बारीक खडे घरंगळत येतायत, स्वच्छ ओहोळ अचानक गढूळ झालाय, झाड रस्त्याकडे कललंय, डांबराला कडेने नवी भेग आहे, यातलं काही दिसलं तर थांबू नका. पुढे रस्ता मोकळा असेल तर लवकर पार व्हा, नसेल तर मागे फिरा. पडलेल्या दरडीवरून सायकल खांद्यावर घेऊन पलीकडे जाणं हा मूर्खपणा आहे. एक पडली म्हणजे दुसरी तयार असते.

आणि थंडी. महाबळेश्वरला जुलैत दिवसाही वीस अंशांच्या आसपासच असतं, त्यात भिजलेलं अंग, त्यात उताराचा वारा आणि पाय न चालवल्याने शरीरात ऊब तयारच होत नाही. पंधरा मिनिटांत बोटं ब्रेकचं ऐकेनाशी होतात. म्हणून पहिला थांबा वाडा कुंभरोशीला, प्रतापगडाचा फाटा येतो तिथे, सक्तीचा. सगळ्यांचे हातमोजे काढायला लावा. ‘‘अंगठा करंगळीला लाव बघू,’’ असं एकेकाला सांगा. ज्याला जमत नाही, किंवा ज्याचं बोट मध्येच थरथरत अडकतं, तो गाडीत. हेल्मेटचा पट्टा स्वतःला सोडवता येत नाही, नेहमी बडबडणारा गप्प झालाय, बोलताना शब्द अडखळतायत, ही त्याच्या पुढची पायरी. अशा माणसाला ओल्या कपड्यांतून आधी बाहेर काढा, कोरडं घाला, डोकं झाका, गोधडीत गुंडाळा, गोड गरम चहा द्या. हातपाय जोरात चोळू नका. ‘एक पेग मार, बरं वाटेल’ म्हणणाऱ्याला दूर ठेवा, दारूने शरीर आणखी थंड पडतं. कुडकुडणं थांबलं पण माणूस गुंगीतच आहे, तर ते बरं झाल्याचं लक्षण नसतं, लगेच दवाखाना गाठा.

या घाटात मोबाईलची रेंज येते-जाते. त्यामुळे ‘फोन करतो’ यावर काही ठेवू नका. ठरलेल्या थांब्यावर ठरलेल्या वेळेनंतर वीस मिनिटांत कुणी आलं नाही तर गाडी मागे बघायला जाते, बस. उताराला गाडी कायम स्वीपच्या मागे असते, म्हणजे ती आली की सगळे आले.

पोलादपूरला पोचलात की सायकली लगेच गाडीत चढवा. वर पडलेला पाऊस सावित्रीतून काही तासांत खाली येतो. महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला, त्याच्यासोबत दोन एसटी गाड्याही. पोलादपूर-महाड पट्ट्यात पावसाळी संध्याकाळी रेंगाळायचं नाही. गाडी कुठल्या रस्त्याने परत न्यायची ते चालकाला ठरवू द्या.

रात्री आणि परतल्यावर

रोज रात्री जेवणाआधी सायकलला वीस मिनिटं. बादलीभर पाण्याने चिखल उतरवा, चेन फडक्याने कोरडी करा, ओल्या हवेचं वंगण थेंब थेंब घाला, जास्तीचं पुसा. टायरवरून बोट फिरवून काच शोधा, पॅड किती उरलेत बघा. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन तासांनी बदला. लॉजवाल्याकडे रद्दी असते, आधी मागून ठेवा. खरचटलं असेल तर साबणाने धुऊन झाका. साचलेल्या पाण्यातून गेला असाल आणि पुढच्या दोन आठवड्यांत ताप, अंगदुखी किंवा पोटऱ्यांत दुखणं सुरू झालं, तर डॉक्टरांना पावसाच्या पाण्यात फिरल्याचं आवर्जून सांगा. लेप्टोचा (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा) विचार त्यांना लगेच सुचतो.

घरी आल्यावर सीट पोस्ट काढून सायकल उलटी करा. फ्रेममधून कपभर पाणी निघालं तरी आश्चर्य वाटू देऊ नका. बॉटम ब्रॅकेट आणि हेडसेटचे बेअरिंग मेकॅनिककडून उघडून घ्या. एक आठवडा थांबलात की गंज धरतो.

राहिला हिशोब. गाडीचं भाडं सगळ्यांत सारखं वाटायचं, जो एकदाही गाडीत बसला नाही त्यालाही. हे निघायच्या आधीच सांगा. ‘मी तर अख्खा घाट चालवला, मी कशाला देऊ’ हे वाक्य एकदा खपवून घेतलंत की पुढच्या वेळी थंडीने आखडलेला माणूसही पैसे वाचवायला गाडीत बसायचं टाळतो.